नाल्याला ग्रेड देणारे शालिकराव

आमच्या शेजारचे शालिकराव मुनेश्वर रोज सकाळी मागच्या नाल्यात उतरून पाणी ओढतात. बादलीनं नव्हे. ओंजळीतलं थोडं पाणी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरतात, दुसऱ्या हाताची चिमूट तिला लावतात आणि दोन्ही हात हळूहळू लांब नेतात. मधे काहीच नसतं. असणार कुठून? पाणी ओढलं जात नाही हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. तरी ते त्या रिकाम्या जागेकडे डोळे बारीक करून बघतात, मान हलवतात आणि काठावर कोणी असो नसो, निकाल सांगतात, "कवडी."

रिया आणि ओम, मागे फोनवर तुम्ही विचारलंत की आजीच्या घरात बेडूक कुठून आले. घरात नाहीत, मागच्या अंगाला आहेत. पण ते कसे आले हे सांगायचं तर शालिकरावांपासून सुरुवात करावी लागते, आणि शालिकराव मला स्वतःलाच अजून नीट कळलेले नाहीत. मी आपली क्रमानं सांगते. मधे गोंधळ झालाच तर तो माझा नाही, त्या माणसाचा आहे.

शालिकराव कापसाचे ग्रेडर होते. सरकारी संकलन केंद्रावर कापसाच्या गाड्या लागायच्या तेव्हा गाडीतला पुंजका उचलायचा, चिमटीत ओढून धागा किती लांब येतो ते बघायचं, काडीकचरा बघायचा, ओल बघायची आणि ग्रेड सांगायची. सगळ्यात वरची सुपर, मधली फेअर आणि तळाला कवडी. त्यांनी सांगितलेल्या ग्रेडवर वाद घालून उपयोग नसायचा. मग कापसाचे हे वाईट दिवस आले. आमच्या जिल्ह्याचं नाव हल्ली तुमच्या तिकडच्या पेपरातही येतं म्हणे, आणि चांगल्या कारणासाठी येत नाही. केंद्र आधी थोडे महिने चालायचं, मग बंदच झालं. शालिकराव मुदतीआधी घरी बसले. हाताची सवय मात्र घरी बसेना. चहा आला की कपाच्या काठावर बोट घासून "फेअर". भाजीवाल्याच्या मेथीला "फेअर". माझ्या नव्या पडद्यांना हात लावून "धागा आखूड हाये, म्याडम" म्हणाले होते. पडदे मी नागपूरहून आणले होते.

आता नाल्याचं. आमच्या कॉलनीतल्या सगळ्या मोऱ्यांचं पाणी घरामागच्या नाल्यात जातं. जुने लोक सांगतात की इथं पूर्वी बायका धुणं धुवायच्या. मी आले तेव्हापासून तो काळाच होता आणि त्याला वास होता. आपण मागच्या खिडक्या लावून घ्यायच्या, एवढंच आम्ही त्याबाबतीत करत होतो.

एके दिवशी मुनेश्वरांच्या दारात रिक्षा उभी होती आणि शालिकरावांच्या पत्नी इंदूबाई, हातात पिशवी घेऊन, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होत्या. "या वासात मी नाई राह्यत. जोवर या नाल्याले सुपर ग्रेड येत नाई, तोवर या घरात माहं राहनं नाई."

"नाल्याले कुठं ग्रेड असते काय?" शालिकराव म्हणाले.

"पडद्याले असते, मेथीले असते, तं नाल्याले काहून नाई?"

रिक्षा गेली. त्या पुण्याला गेल्या, मुलाकडे. प्रमोदला नुकताच मुलगा झाला होता. म्हणजे बाई भांडून गेल्या की नातवासाठी गेल्या, हे मला तेव्हा कळलं नाही. पण इंदूबाई बोलल्या शब्दाच्या पक्क्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा नाला सुपर झाला तर बायको परत येणार आणि नाही झाला तर नाही, हा मामला शालिकरावांच्या दृष्टीनं अगदी सरळ होता. दुसऱ्याच सकाळी ते पँटचे पाय गुंडाळून खाली उतरले. पाणी ओढलं. "कवडी," म्हणाले, आणि वर येऊन पाय धुतले.

माणसानं बायकोची समजूत काढायला पुण्याची गाडी पकडावी. हे नाल्यात उतरले.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारात बैलगाडीभर पऱ्हाटी आली. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या वाळक्या काड्या. इकडे त्या चुलीत जाळतात. शालिकरावांकडे गॅस होता. ते ओट्यावर बसून त्या काड्यांच्या मांडीएवढ्या जाड मोळ्या सुतळीनं बांधू लागले. मी विचारलं, "हे कशाला?"

"पान्यातला काडीकचरा काढाले, म्याडम."

"काडीकचरा काढायला काड्या टाकणार?"

"व्हय जी."

मी इंग्रजी शाळेत शिकले आणि पुढे इंग्रजीच शिकवलं. वाक्याचा कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी असूनही अर्थ लागत नाही, असा अनुभव मला फारसा नाही. तो त्या दिवशी आला. त्यांचं म्हणणं असं, की केंद्राच्या आवारात पऱ्हाटीचा एक ढीग असायचा. आवार धुतलं की घाण पाणी त्या ढिगाखालून जायचं आणि पलीकडे निघताना बरंच निवळलेलं असायचं. "घाईचं पानी घान घेऊन पयते. त्याले थोडं थांबवलं का घान खाली बसते. मंग त्या गाळात झाडं लावाची. झाडं घान खातात."

"आणि थांबलेल्या पाण्यात डास होतात," मी म्हटलं.

"तेबी होतात," ते म्हणाले आणि पुढची मोळी बांधायला घेतली. कबूल करून पुढे चालू लागणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही.

नाल्यात आडव्या मोळ्या पडल्या. त्या वाहून जाऊ नयेत म्हणून निरगुडीचे ओले दांडे खुंट्यांसारखे ठोकले. मग जुलैत एका दुपारी असं पाणी आलं की ते मोळ्यांवर अडलं, उलटं फिरलं आणि सरळ माझ्या अंगणात शिरलं. माझ्या कुंड्या उंचीप्रमाणे लावलेल्या असतात हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी त्या तरंगत फाटकापर्यंत गेल्या. शालिकराव गुडघाभर पाण्यात उभे राहून एकेक कुंडी पकडून आणत होते आणि मिळेल तिथे ठेवत होते. जास्वंदीच्या शेजारी कोरफड ठेवली.

"ग्रेड चुकली माही, म्याडम," ते म्हणाले. "मोळ्या लय दाबून बांधल्या. ढिल्या पायजे होत्या. पान्यानं थांबू नाई, नुसतं रेंगायलं पायजे."

आणि जाताना माझ्या कर्दळीचे चार गड्डे मागून नेले. ज्यानं माझं अंगण बुडवलं त्याला मी कर्दळ दिली.

ढिल्या मोळ्यांमागे गाळ साचला. गाळात माझी कर्दळ लागली. बाभुळगाव रस्त्याच्या तलावातून पाणकणीस आलं, कुठूनसा वाळा आला. डुकरांनी ते सगळं उकरून टाकलं. पुन्हा लावलं. निरगुडीच्या खुंट्यांना पालवी फुटली, म्हणजे खुंट्या ठोकल्या की झाडं लावली हेही आता सांगता येईना. हिवताप खात्यातून ते डबा भरून गप्पी मासे घेऊन आले आणि लग्नात अक्षता टाकाव्या तसे पाण्यात सोडले.

इतकं एकट्याचं चाललं होतं तोवर ठीक होतं. पण मग त्यांच्या लक्षात आलं की वरून येणारं पाणीच वाईट असेल तर झाडं तरी किती खाणार. तेव्हा ते मोरी-मोरीला ग्रेड देऊ लागले.

एका सकाळी दारात उभे. "म्याडम, तुमची मोरी फेअर हाये."

मी आयुष्यात प्रथम वर्ग सोडलेला नाही. "फेअर का?"

"फेस लय हाये. कोनतं पावडर वापरता?"

मी दार लावलं. पण तो शब्द दिवसभर डोक्यात राहिला. शेवटी मी पावडर निम्मी केली, साड्यांना रिठे वापरायला लागले, भांड्यांवरचं तेल कागदानं पुसून मग घासायला टाकू लागले. हे मी नाल्यासाठी करत होते असं नाही. मला सुपर हवं होतं.

पलीकडच्या कडू वकिलांचं घर कवडीत निघालं. वकील थेट काठावर आले. नाल्याला दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती घालून वर झाकण टाकावं, अशी त्यांची नगरपालिकेकडे जुनी मागणी होती. त्यात ही बेअब्रू.

"मुनेश्वर, मी दावा ठोकीन. माह्या मोरीले कवडी म्हनाचा अधिकार तुमाले कोनी देला?"

"सरकारनं देलता, जी. वापस घ्याचं ते विसरले."

वकील तिथेच उभे राहिले. कायद्यात यावर काही असेल तर ते आठवत असावेत. मग त्यांनी हळूच विचारलं, "कवडी काहून पन?"

"तुमच्या मोरीतून गाडीचं तेल येते. गाडी अंगनात धुता तुमी."

वकिलांनी गाडी धुण्याची जागा बदलली की नाही ते मला माहीत नाही. पण पुढे महिनाभरानं त्यांनी माझ्या फाटकाशी येऊन, इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर विचारलं की मुनेश्वर अलीकडे आमच्याबद्दल काही म्हणाले का. आणि सिमेंटच्या भिंतींची गोष्ट त्यांच्या तोंडून नंतर फारशी ऐकू आली नाही.

सगळ्यात मोठी तक्रार भुलाबाईच्या दिवसांत झाली. तुमच्या आईनं तुम्हाला भुलाबाई सांगितली असेल. मुली घरोघरी गाणी म्हणतात आणि शेवटी घरच्या बाईनं केलेली खिरापत ओळखायची असते. डबा बंद, हलवून दाखवायचा, अंदाज करायचे. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या मुली सगळं पहिल्या फटक्यात ओळखू लागल्या. गोड की तिखट हेही विचारेनात. शोध लागला तेव्हा कळलं की पोरी आधी नाल्यावर जाऊन "आजोबा, आज कोनाकडं काय हाये?" असं विचारून येतात. मोरीतून हरभऱ्याची फोलपटं आली, साबुदाण्याचं धुवण आलं, की झालं.

बायका चिडल्या. आपण मोरीत काय सोडतो यावर कोणी पहारा ठेवतं ही कल्पनाच चमत्कारिक आहे. मी शालिकरावांना वचकून माझ्या दिवशी कोहळ्याचे बोंड, म्हणजे गोड भजी, केले आणि कोहळ्याच्या बिया मोरीत न सोडता कागदात बांधून ठेवल्या. शालिकरावांनी मुलींना सांगितलं, "म्याडमच्या घरी आज काईच नाई." मुली माझ्या दारात येऊन गाणी म्हणायच्या की परत जायचं याचा विचार करत बराच वेळ उभ्या होत्या.

संध्याकाळी ते काठावर बसून पुण्याला फोन करायचे. नवा मोबाइल होता. बोलणं थोडंच. "जेवली काय? पोट्टं झोपलं काय?" आणि मग फोन लांब, नाल्याच्या दिशेनं धरून बसायचे. मला वाटलं, रेंज शोधताहेत. एकदा कुंपणावरून विचारलं.

"बेडकं ऐकवून राह्यलो नातवाले," ते म्हणाले. "तिकडं बेडकं नाईत म्हने."

तोवर आमच्याकडेही नव्हते. मी कान दिला तेव्हा ऐकू आले. कधी आले कोण जाणे. पाणी पसरट होऊन कर्दळीतून सावकाश जात होतं आणि लाल फुलांच्या खाली डरांव डरांव चालू होतं. एक बगळा रोज येऊ लागला. मागच्या खिडक्या आपण लावतच नाही, हे माझ्या बऱ्याच उशिरा ध्यानात आलं.

ग्रेड मात्र वर जाईना. कवडीवरून फेअर झाली आणि फेअरवरच राहिली. मी विचारायची, "आज?" ते चिमटीत पाणी धरून ओढायचे. "फेअर, म्याडम." पुलाच्या वरून प्लास्टिक येतं, कधी वासाचा एखादा लोट येतो, हे खरं होतं. तरी मला वाटायचं, इतका कडक परीक्षक असू नये.

यंदा दिवाळीच्या आधी इंदूबाई आल्या. हातात एकच छोटी पिशवी, आणि परतीचं तिकीट काढलेलं, म्हणजे राहायला नव्हे, नाला बघायला. शालिकरावांनी काठाला दगडाच्या पायऱ्या लावल्या होत्या. त्यांनी बाईंना तिथवर नेलं आणि स्वतः बाजूला उभे राहिले, हात मागे बांधून. मी, वकील, आणखी दोघीतिघी, सगळे आपापल्या अंगणात काहीतरी काम असल्यासारखे उभे होतो.

इंदूबाई खालच्या पायरीवर बसल्या. पदर नाकाला लावला नाही. बराच वेळ पाण्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "येते अजून वास."

ज्यांच्या ग्रेडपुढे कधी कोणी दोन शब्द बोलू शकला नाही ते शालिकराव म्हणाले, "येते. थोडासाक येते."

मला राग आला. मला वास येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदूबाई माझ्याकडे चहाला आल्या, तेव्हा मी स्पष्ट विचारलं. म्हटलं, बाई, तुमचं नाक बिघडलंय की माझं?

त्या हसल्या. "कोनाचंच नाई. माहेर माहं राजूरचं. खानीची कोयशाची धूळ खात वाढली मी. मले नाल्याचा वास कायले लागते?"

"मग त्या दिवशी एवढं भांडलात ते?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "केंद्र बंद झालं तवापासून हे दिवसभर खुर्चीवर बसत. ग्रेड सांगन्याबिगर बोलत नाई, कुठं जात नाई. गादी उसवून त्यातला कापूस काढत अन् ओढत बसत. एक गादी अशी संपवली, बाई. दुसरीले हात घातला तवा मले भेव वाटलं. इकडं प्रमोदची बायको बाळंतीन, मले तं जानंच होतं. ह्यांले संगं नेलं असतं, पन एकदा नेलतं, तं गॅलरीत उभे राहून खालच्या गाड्यायले ग्रेड देत. प्रमोदच्या बायकोले लाज वाटे. असा मानूस घरात रिकामा ठेवून कशी जाऊ? म्हून जे दिसलं त्यावरून भांडली. नाला दिसला."

"आणि आता? आता तर झाला की स्वच्छ."

"झाला म्हनलं तं काम संपलं ह्यांचं. पुन्हा खुर्ची," त्या म्हणाल्या. "तुमी सांगू नका, बाई."

मी सांगणार नाही म्हटलं. त्या गेल्यावर मी कप विसळले.

इंदूबाई ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीनं पुण्याला गेल्या. शालिकराव त्यांना पोचवून आले आणि कपडे न बदलता तसेच नाल्यावर गेले. मी मागच्या दारात गेले. काहीतरी बोलावं म्हणून विचारलं, "आज काय?"

त्यांनी पाणी चिमटीत घेतलं नाही. नुसतं बघितलं. "फेअर."

"शालिकराव, मला वास येत नाही."

"मलेबी येत नाई, म्याडम." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "पोयाचा सन झाला तवाच सुपर झालता. आपल्या घरांपुरता तं पुरा सुपर हाये."

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

"सांगतलं तं तिले यावं लागन ना. जबानीची पक्की हाये ते. पोट्ट्याले तिथं सोडून येईन, अन् इथं बसून रडन. सून नोकरीले जाते, पोट्टं कोनाजवय राहीन? मोठं होऊ द्या त्याले. शाळेत जाऊ द्या. तवरोक फेअर बरं हाये."

आता मला सांगा, मुलांनो, मी काय करायला हवं होतं? दोघांनी एकमेकांना खोटी ग्रेड दिली होती, आणि त्या दोन्ही मला ठाऊक होत्या. इंदूबाईंना शब्द दिलेला. यांनी शब्द मागितला नव्हता, पण आवाज खाली आणला होता. एकाला दुसऱ्याचं सांगितलं तर सगळं उलगडेल की सगळंच बिघडेल, हे मी उभ्या उभ्या ठरवायचा प्रयत्न केला. मला ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही. तुमच्या आजोबांच्या माघारी मी इथे एकटी का राहते, असं तुम्ही विचारता तेव्हा मी पाण्याचं, डॉक्टरांचं, सवयीचं काहीबाही सांगते. तेही असंच काही असेल. मला नक्की माहीत नाही.

शालिकराव तोवर पुलाकडे बघत होते. "पुलाच्या वर अजून पुरी कवडी हाये," ते म्हणाले. "तिथून घ्या लागन आता." ओट्याजवळून त्यांनी एक लांब मोळी ओढत आणली. या खेपेला ढिली बांधलेली होती आणि मधोमध वाकत होती. एकट्यानं ती पायऱ्यांवरून उतरवता येईना. त्यांनी एकदा वळवून पाहिली, मग दुसऱ्या बाजूनं. या सगळ्या दिवसांत त्यांनी कधी कोणाला हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

"म्याडम," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक टोक धरता काय?"

मी इस्त्रीची साडी नेसले होते. चपला काढून पायरीवर जोडीनं ठेवल्या, पदर खोचला आणि खाली उतरले.